रक्तातील सूक्ष्म पुटिका आणि कर्करोगाचा शोध
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



रक्ताच्या थेंबावरून कर्करोग ओळखणारे यंत्र निघाले, अशी वार्ता अधूनमधून आपल्या वाचनात येते. ती निराधार नाही. परंतु पूर्णही नाही.

शरीरातील पेशी आपल्याच आवरणाच्या तुकड्यात थोडी प्रथिने व थोडे आरएनए बांधून बाहेर सोडीत असतात. ही गाठोडी म्हणजे पेशीबाह्य पुटिका. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी रक्तबिंबिकांपासून सुटलेल्या अशा कणांना चक्क ‘धूळ’ म्हटले. पुढे १९८० च्या दशकात, मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी नकोसे प्रथिन याच वाटेने टाकून देतात, असे आढळले. तोवर हा सारा पेशींचा केरकचराच मानला जाई. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, पुटिकेतील आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन काम करते. म्हणजे हा केर नव्हता, टपाल होते.

कर्करोगाची पेशीही असे टपाल धाडते आणि तिची खूण पाकिटावर असते. अडचण एवढीच की, यांतील बरीच पाकिटे ३० ते १५० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान. शिवाय निरोगी पेशींच्या पाकिटांची त्यांत प्रचंड गर्दी. येथे जैवसंवेदक उपयोगी पडतो. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अतिसूक्ष्म छिद्रे पाडून तेथे विशिष्ट खूण ओळखणारी प्रतिपिंडे बसवितात. पुटिका चिकटली की छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते. अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१४ साली या रीतीने अंडाशयाच्या कर्करोगाच्या पुटिका ओळखल्या. मात्र तो नमुना रुग्णांच्या पोटात साठलेल्या पाण्याचा होता, रक्ताचा नव्हे. बातमीत नेमका हाच तपशील गळतो.

आता थोडे गणित करू. समजा, दहा हजार निरोगी दिसणाऱ्या माणसांत पाचांना रोग आहे आणि चाचणी निरोग्यांपैकी शंभरात एकालाच चुकून रोगी ठरविते. त्या पाचांबरोबर सुमारे शंभर निरोगी माणसे भयभीत होऊन शहराच्या रुग्णालयाची वाट धरतील. त्यांच्या पुढील तपासण्यांचा खर्च कोणी सोसावयाचा?

म्हणून पुटिका सापडणे हा आरंभ होय. चाचणीमुळे मृत्यू घटले काय, हा खरा प्रश्न. तो कसा सोडवावयाचा, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० स्त्रियांना गटागटांत विभागून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांची तुलना झाली. विषाणूची चाचणी एकदा केलेल्या गटात आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुटिकांच्या चाचणीला ही परीक्षा अद्याप द्यावयाची आहे. तोपर्यंत तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ किंवा अवेळी रक्तस्राव असलेल्या व्यक्तीस आरोग्य केंद्रात विनाविलंब पाठविणे, हे काम आपल्याकडे आहेच.