सुटीचा दिवस आणि जुनी मोटार

निर्वाहासाठीं मनुष्य जें काम करतो त्याहून विरंगुळा म्हणून जें काम तो आपण होऊन पत्करतो, त्यावरून त्याचा स्वभाव अधिक चांगला ओळखतां येतो. कोणी रविवारीं सतार घेऊन बसतो, कोणी कुंड्यांतील गुलाबांची छाटणी करतो. मुंबईच्या उपनगरांत मात्र या दिवशीं जुनी मोटार उघडून बसणारा एक निराळाच वर्ग आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणीं एकाद्या जुन्या बंगल्याच्या आवारांत, किंवा इमारतीच्या खांबांमधील जागेंत, आठवडाभर संगणकापुढें बसणारा गृहस्थ रविवारीं सकाळीं पाना हातीं घेऊन गाडीखालीं शिरलेला दिसतो. शेजाऱ्यांना हें वेड वाटतें. तें वेड असलें तरी त्यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे.

मुंबईंत या छंदाला विशेष शोभणारी गाडी मुंबईचीच लेक आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि 1947 सालीं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. पुढें इटलींतील फियाट कंपनीशीं करार झाला व 1954 च्या सुमारास ‘फियाट 1100’ येथें तयार होऊं लागली. 1964 मध्यें तिची ‘डिलाइट’ ही आवृत्ति आली. तीच पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें घरोघर पोंचली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तर ती शहराची ओळखच होऊन बसली. नवी पद्मिनी निघणें या शतकाच्या आरंभीं थांबलें, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीहि मुदत संपली. ज्या गाडींतून एका पिढीचीं वऱ्हाडें गेलीं आणि नवजात बालकें प्रसूतिगृहांतून घरीं आलीं, ती आतां रस्त्यावर राहिलीच तर अशा छंदिष्टांमुळेंच राहणार आहे.

या गाडीचें आकर्षण केवळ आठवणींत नाहीं. तिचें यंत्र डोळ्यांना दिसतें आणि बुद्धीला समजतें. 1089 घन सेंटिमीटरांचें चार नळकांड्यांचें इंजिन, पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारा कार्बुरेटर, आणि ठिणगीची वेळ सांभाळणारे पॉइंट, एवढा तिचा संसार. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असतां हे पॉइंट सेकंदाला 100 वेळां उघडतात व मिटतात. त्यांच्यामधील फट अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास असावी लागते. ती कमीजास्त झाली कीं गाडी धक्के खाते किंवा सुरूच होत नाहीं. पातळ पट्टीच्या मापानें ती फट जुळवून किल्ली फिरवावी आणि इंजिनानें एका लयींत बोलूं लागावें, हा आनंद ज्यानें घेतला त्याला रविवार वाया गेला असें वाटत नाहीं. आजच्या गाड्या इंधन कमी खातात, धूर कमी सोडतात आणि अपघातांत माणसाला अधिक जपतात. परंतु त्यांचें पुष्कळसें नियंत्रण बंद पेटींतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेलें आहे. जुन्या गाडींत कारण आणि कार्य यांची गांठ हातानें सोडवतां येते.

मात्र इंजिनाहून कठीण परीक्षा पत्र्याची असते. सांताक्रूझच्या वेधशाळेंत दरसाल सरासरी 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि त्यांत समुद्राच्या खाऱ्या हवेची भर पडते. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोकें चिखलानें बुजलीं कीं आंतून गंज धरतो. या गाडीला निराळी चौकट नाहीं. तिचा सांगाडा व शरीर एकच आहे. म्हणून तळाचा पत्रा कुजणें म्हणजे गाडीचा कणाच कुजणें होय. अशा ठिकाणीं पुट्टी भरून वर झकपक रंग चढविणें सोपें असतें. कुजका भाग कापून नवा पत्रा जोडणें खर्चाचें व कष्टाचें असतें. छंदिष्टाची सचोटी येथेंच कळून येते, कारण त्या गाडींत उद्यां त्याचींच मुलें बसावयाचीं असतात.

कायद्यानेंहि या सचोटीची दखल घेतली आहे. 2021 सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षें उलटलेल्या खाजगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊं शकते. परंतु तिचें मूळ रूप कायम असलें पाहिजे; सांगाड्यांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला चालत नाहीं. अशी गाडी प्रदर्शनें, मिरवणुकी, देखभाल अशा कारणांसाठींच रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरासाठीं नाहीं. तेव्हां गाडी जपावयाची कीं आपल्या आवडीप्रमाणें बदलावयाची, हें पहिला बोल्ट सोडण्यापूर्वींच ठरविणें बरें.

शेजारधर्माचाहि विचार हवा. इमारतीचें आवार सर्वांचें असतें. तेथें तेल सांडणें, दुपारच्या विश्रांतीच्या वेळीं पत्रा ठोकणें, किंवा एकाच गाडीनें दोन जागा अडविणें हें कोणत्याहि छंदाला शोभत नाहीं. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. भक्कम टेकू द्यावे. बंद जागेंत इंजिन चालूं ठेवूं नये, कारण त्याच्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो.

अनेक ठिकाणीं उत्साहानें उघडलेली गाडी ताडपत्रीखालीं वर्षानुवर्षें तशीच पडून राहते. यावर उपाय एकच: सारी गाडी एकदम खोलूं नये. आधीं ब्रेक, मग सुकाणू, मग इंजिन आणि शेवटीं रंग, असा क्रम ठेवावा, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर गाडी पुन्हां उभी राहते व उमेद टिकते.

या खटाटोपांत सर्वांत मोलाची वस्तु गाडी नव्हे. कार्बुरेटरचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे म्हातारे मिस्त्री आतां थोडे उरले आहेत. त्यांचें ज्ञान बहुधा कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. तें त्यांच्या बोटांत आहे. सुटे भाग शोधून सांपडतील, नाहीं तर नवे घडवितांहि येतील. पण ती बोटें गेलीं कीं विद्याहि जाईल. रविवारीं अशा एकाद्या मिस्त्रीला मानानें घरीं बोलवावें, त्याच्या श्रमाचा पुरा मोबदला द्यावा, आणि घरांतील मुलामुलींना त्याच्या शेजारीं पाना घेऊन बसवावें. मग ती गाडी फाटकाबाहेर पडावयास आणखी एक पावसाळा लागला तरी चालेल.