ओळखीचा माणूस



शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला कारखाने उभे राहिले. परंतु उमेदवारीची जागा निघाल्याची वार्ता, ज्याचा मामा आत कामाला आहे त्याच्याच घरी आधी पोचते, हे आम्ही पाहत आलो आहोत. दलित वा पारधी वस्तीतून कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ती कोणी सांगावी? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद आहे, विद्यावेतनही आहे. पण अर्ज केल्यावाचून त्याचा उपयोग काय? आपण येथे बसलेल्यांपैकी कोणी नोकरीत आहेत, कोणी निवृत्त. प्रत्येकाने अशा एका मुलाला जवळ बसवून त्याचा अर्ज भरून घ्यावा आणि त्याचा मामा व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.