छावणीबाहेरील रोजगार व त्यावरील देखरेख
(महोत्सवानिमित्त भिवंडी येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी आपण गतकाळाची मोजदाद करतो. किती बाप्तिस्मे झाले, किती मुले शिकली, हे वहीत पाहतो. अशा दिवशी मोजदादीविषयीच चार शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटले. घरादारास मुकलेल्या मनुष्यास छावणीबाहेर काम मिळवून देणाऱ्या योजना जगात पुष्कळ निघतात. त्यांनी खरोखर काय साधले, हे कसे ओळखावे, हा आमचा आजचा विषय होय.

हा विषय भिवंडीकरांस परका नाही. येथून थोड्याच अंतरावर, कल्याणजवळ, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लक्ष निर्वासितांस तेथे आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली व तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ह्या लोकांस परत जाण्यास घर उरले नव्हते. म्हणून शिधा किती दिवस पुरवावा, ह्यापेक्षा काम कोठे मिळेल, हाच खरा प्रश्न होता.

सरकारने निर्वासितांची नावे रोजगार कचेऱ्यांत नोंदविली, धंदेशिक्षणाचे वर्ग काढले, कर्जे दिली. परंतु कित्येकांनी आपली वाट आपणच काढली. कोणी आगगाडीत फिरून किरकोळ माल विकला. स्त्रियांनी घरी पापड लाटून विकले. केवळ नोकरी लागलेल्यांची यादी करणाऱ्यास हे उद्योगी लोक बेकारच दिसले असते. उलट, ज्याचे नाव यादीत चढले, तो महिन्याभरात काम सोडून परत आला, तरी यादीत तो कामावरच राहतो. यादी अशी दोन्हीकडून फसविते.

अलीकडचे उदाहरण जॉर्डनचे घ्या. २०१६ साली लंडनच्या परिषदेत त्या देशाने सीरियातील निर्वासितांसाठी दोन लक्ष रोजगारसंधी खुल्या करण्याचे मान्य केले, आणि परवान्यांची गणती सुरू झाली. २०१७ साली झातरीच्या छावणीतच रोजगार कचेरी उघडली; परवाना असलेल्यास बाहेर कामास जाण्याची मुभा मिळाली. हे चांगलेच झाले. परंतु अनेक परवाने आधीपासून काम करीत असलेल्यांनीच घेतले. त्यांस कायद्याचा आधार मिळाला खरा, पण नवे काम निर्माण झाले नाही. प्रारंभी परवाना एकाच मालकाशी बांधलेला असे. स्त्रियांच्या वाट्यास तर फारच थोडे परवाने आले. परवाना म्हणजे रोजगार नव्हे, आणि रोजगार म्हणजे पोटभर भाकरी नव्हे.

तर मग देखरेख कशी असावी? मनुष्य कामास लागण्यापूर्वी त्याची स्थिती लिहून ठेवावी. पुढे तीन, सहा व बारा महिन्यांनी त्याची भेट घ्यावी. ठरलेली मजुरी हाती पडते काय, जाण्यायेण्यात किती खर्च होते, कर्ज वाढले की फिटले, त्याची कागदपत्रे मालकाने तर अडकवून ठेवली नाहीत ना, मुलांस कोण सांभाळते, हे विचारावे. जो काम सोडून गेला, त्याचा शोध प्रथम घ्यावा. योजनेचा दोष बहुधा त्याच्याच तोंडून कळतो. ज्यांस मदत मिळाली नाही, त्यांचीही विचारपूस करावी. कारण सुगीच्या हंगामात सर्वांसच काम मिळते, आणि त्याचे श्रेय योजनेने घेणे उचित नव्हे.

विचारणारा मनुष्य कामावर लावणारा नसावा. विचारपूस मालकासमोर नसावी, आणि ती निर्वासिताच्या भाषेत व्हावी. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात आपला देश सामील नाही, व निर्वासितांसाठी येथे स्वतंत्र कायदाही नाही. अशा स्थितीत तक्रार केल्यास आसरा जाईल, हे भय त्याच्या मनात असणे साहजिक आहे. म्हणून त्याचे नाव व त्याचे शब्द जपून ठेवणे, हा देखरेखीचा पहिला धर्म होय.

आपली भिवंडी परगावच्या हातांनीच मोठी झाली. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, आणि मे महिन्यात येथून गोरखपूरकडे कामगारांची गाडी सुटली. ते निर्वासित नव्हते. आपल्याच देशाचे नागरिक होते. आदल्या महिन्यांच्या कोणत्याही गणतीत ते कामावर असलेलेच दिसले असते. परंतु काम बंद पडताच ह्या शहरात राहण्यास त्यांजजवळ काय उरले, हे त्या गणतीने सांगितले नसते.

बंधुभगिनींनो, आपणही शिफारसपत्रे देतो, कोणास ओळखीने कामास लावतो. पत्र दिले की आपले कर्तव्य संपले, असे मानू नये. वर्षाच्या आत त्या घरी दोनदा जावे, विचारावे, ऐकावे. आणि जे ऐकले त्याप्रमाणे पुढची शिफारस बदलावी. पुढील महोत्सवाच्या वहीत किती जणांस कामास लावले, हा आकडा येईलच. त्यापुढे किती जणांची चूल वर्षानंतरही पेटत आहे, हाही आकडा यावा, एवढीच आमची विनंती आहे.