सतरा कोटी नावांची यादी

(राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त आकाशवाणीवरील भाषण)



आज २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन. १९५० साली याच तारखेला, प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी, भारताचा निवडणूक आयोग स्थापन झाला. २०११ पासून हा दिवस मतदार दिन म्हणून पाळला जातो. आमच्या पाचगणीतही या दिवशी शाळाशाळांत मतदाराची प्रतिज्ञा होते, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींचं कौतुक होतं. या सगळ्यात एका माणसाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. त्यांचं नाव सुकुमार सेन. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त.

सेन मूळचे बंगालचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि नंतर लंडन विद्यापीठात ते शिकले. गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. १९२१ मध्ये ते आय.सी.एस.मध्ये दाखल झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत काम केलं, न्यायाधीश झाले आणि पुढे पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. मार्च १९५० मध्ये त्यांना दिल्लीला बोलावून निवडणूक आयोग त्यांच्या हाती सोपवण्यात आला. आयोग म्हणजे तेव्हा एकच माणूस.

काम काय होतं, ते आपल्या गावावरून समजून घेऊ. इंग्रजांच्या काळात मत कुणाला होतं? जमीन असलेल्याला, कर भरणाऱ्याला, थोडंफार शिकलेल्याला. पाचगणीतल्या बंगल्याचा मालक मतदार असे. त्याच बंगल्याच्या बागेत खपणारा माळी आणि धुणीभांडी करणारी बाई बहुधा नसे. संविधानानं एका फटक्यात ही भिंत पाडली. एकवीस वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक स्त्रीपुरुष मतदार झाला. हक्क कागदावर आला, पण तो दांडेघरच्या, खिंगरच्या, गोडवलीच्या माणसापर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न सेन यांच्यासमोर होता. असे मतदार देशभरात सतरा कोटींच्या वर होते आणि शंभरातल्या पंच्याऐंशींना लिहितावाचता येत नव्हतं.

पंतप्रधान नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती, शक्य तर १९५१ च्या वसंतातच. सेन यांनी त्यांना धीर धरायला सांगितलं. सत्तेवर असलेल्या, देशानं डोक्यावर घेतलेल्या नेत्याला एका अधिकाऱ्यानं शांतपणे ‘अजून तयारी झालेली नाही’ असं सांगणं, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं पहिलं मोठं काम वाटतं.

त्या तयारीचा गाभा होता मतदारयादी. यादीची सुरुवात संविधान सभेच्या सचिवालयानं आधीच करून ठेवली होती. ती पुरी करून छापखान्यापर्यंत नेणं हे सेन यांच्याकडे आलं. नुसती नावं टंकलिखित करायला सुमारे साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या करारावर नेमावे लागले.

आणि तिथे एक अडचण उभी राहिली. घरोघर फिरणाऱ्या माणसांना पुष्कळ बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही, ही रीत. सेन यांनी हुकूम काढला की यादीत बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. मुदत वाढवून दिली, समजूत घालायला सांगितलं. तरीही देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख जणींनी नाव दिलं नाही आणि त्या यादीबाहेर राहिल्या. यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या.

ओरड झाली. सेन यांना ती ओरड चांगलीच वाटली. पुढच्या निवडणुकीपर्यंत यामुळेच हा संकोच सुटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. निर्णय कठोर होता, हे मान्य. पण तो योग्य होता असंच मला मनापासून वाटतं. नवऱ्याच्या नावानं दिलेलं मत बाईचं राहत नाही. १९५७ च्या निवडणुकीपूर्वी स्त्रियांच्या नोंदणीवर मुद्दाम भर देण्यात आला आणि तेव्हा प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ९४ टक्के यादीत होत्या.

मग मतदान. वाचता न येणाऱ्यानं उमेदवार ओळखावा कसा? सेन यांच्या आयोगानं रोजच्या ओळखीची चिन्हं दिली. बैलजोडी, झोपडी, दिवा, हत्ती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदारानं मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढंच. त्यासाठी वीस लाख पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक आपल्या मुंबईत, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. बाहेरून वेगळं कुलूप लावलं तर खर्च वाढत होता, म्हणून कुलपाची सोय पेटीच्या आतच केली गेली. एकानं दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई आली. मतदान म्हणजे काय हे समजावणारा माहितीपट तीन हजारांवर चित्रपटगृहांत दाखवला गेला, आणि श्रोतेहो, आकाशवाणीनंही त्या काळात कार्यक्रमांमागून कार्यक्रम केले.

पहिलं मत पडलं २५ ऑक्टोबर १९५१ ला, हिमाचलातल्या चिनी नावाच्या भागात. बर्फानं वाटा बंद होण्याआधी तिथल्या लोकांचं मतदान उरकून घेतलं गेलं. बाकी देशाचं पुढे फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं. आज आपल्या तालुक्यात कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावांसाठी मतदान पथकं लाँचमधून जातात, तीही याच तत्त्वावर. मतदार दूर राहतो म्हणून त्याचं मत सोडून द्यायचं नाही.

असा आयोग असावा, हे ठरवण्यात आपल्या माणसाचा मोठा वाटा आहे. १५ जून १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगाचं कलम मांडलं. प्रांतोप्रांती वेगळे आयोग नकोत, सगळ्या देशासाठी एकच आयोग हवा, असा त्यांचा आग्रह होता. कारण काही प्रांतांत भाषेनं किंवा वंशानं वेगळ्या असलेल्या लोकांची नावं यादीतून वगळली जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेच बाबासाहेब पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि नारायणराव काजरोळकरांकडून हरले. बाद ठरलेल्या मतांबद्दल त्यांचे गंभीर आक्षेप होते. ते त्यांनी कायद्याच्या मार्गानंच मांडले.

सेन यांची दुसरी निवडणूक १९५७ ची. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं तेव्हा आपला मुलूख पेटला होता. राज्यात आणि केंद्रात काँग्रेसचं सरकार. तरीही साताऱ्यानं लोकसभेवर पाठवलं ते क्रांतिसिंह नाना पाटलांना, ज्यांनी पत्री सरकार चालवलं होतं आणि जे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूनं उभे होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडहून जेमतेम निवडून आले. सत्ताधारी पक्ष पश्चिम महाराष्ट्रात धडाधड हरला, आणि निकाल मानला गेला. यंत्रणा सरकारची असूनही सरकार हरू शकतं, हे सातारा-सांगलीच्या लोकांनी तेव्हा आपल्या डोळ्यांनी पाहिलं. सेन यांच्या कामाची याहून मोठी पावती मला सापडत नाही. याच निवडणुकीत त्यांनी पहिल्या वेळच्या पेट्या जपून पुन्हा वापरल्या आणि सुमारे साडेचार कोटी रुपये वाचवले.

दोन निवडणुकांच्या मधे, १९५३ मध्ये, सुदानची पहिली निवडणूक घेण्यासाठीही त्यांनाच बोलावणं आलं. १९५४ ला पद्मभूषण मिळालं. १९५८ च्या डिसेंबरमध्ये ते आयोगातून निवृत्त झाले आणि पुढे वर्धमान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही. पहिल्या निवडणुकीचा सरकारी अहवाल मात्र मागे ठेवला.

श्रोतेहो, सेन यांनी दाखवून दिलं की निवडणुकीचा खरेपणा मतदानाच्या दिवसाच्या कितीतरी आधी ठरतो, तो यादीत ठरतो. म्हणून माझं एक सांगणं आहे. आपल्याकडे लग्न होऊन आलेल्या कितीतरी मुलींची नावं माहेरच्या यादीतच राहतात. हॉटेलांत आणि निवासी शाळांत काम करणाऱ्यांची, स्ट्रॉबेरीच्या शेतावर मजुरीला आलेल्यांची नावं कुठल्यातरी दूरच्या गावी पडून असतात. आता वर्षातून चार तारखा ठरलेल्या आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झाले की नाव नोंदवता येतं. नव्या नावासाठी सहा नंबरचा अर्ज, पत्ता बदलायचा किंवा चूक दुरुस्त करायची तर आठ नंबरचा. गावातल्या बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, भेटा, नाहीतर तहसील कार्यालयात जा. या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत पाहून घ्या, आणि बायकांची नावं सर्वांत आधी पाहा.