चापाचं वजन, आपला काटा



आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला नेमबाजी काही नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. हे बघून आता आपल्या गटांतल्या काही जणींच्या मुलीही एअर पिस्तुलाच्या सरावाला जातात. म्हणूनच आमच्याकडं म्हैस, शिलाई मशीन आणि शाळेची फी यांच्या जोडीला एक नवाच अर्ज आला, ट्रिगर गेजसाठी. म्हणजे पिस्तुलाचा चाप किती जोर लावल्यावर सुटतो, ते मोजायचा काटा.

बैठकीत लगेच एक काकू म्हणाल्या, "ताई, पिस्तूल क्लबचं, मैदान क्लबचं, मग काट्याला आपले पैसे कशाला?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही क्लबच्या प्रशिक्षकांकडून सगळं समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाचं वजन कमीत कमी ५०० ग्रॅम लागतं. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम. एअर रायफलला अशी अट नाही. चाप फार हलका असला तर नकळत सुटू शकतो, हे आपल्यालाही कळतं. स्पर्धेत ५०० ग्रॅमचं वजन टेबलावर ठेवतात, पिस्तुलाची नळी उभी धरतात, वजनाची कड चापाच्या मधोमध अडकवतात आणि पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन टेबलावरून सुटलं आणि चाप तसाच राहिला, तर पास. त्यासाठी तीनच प्रयत्न मिळतात. मालिका संपल्यावरही अचानक तपासणी होऊ शकते, आणि तिथं नापास झालं तर केलेले गुण वाया जातात.

आमच्या एका सभासद बहिणीच्या मुलीचा चाप एका स्पर्धेत टेबलावरच सुटला. कुणाचा तरी स्क्रू-ड्रायव्हर मागून, धावपळीत तो पुन्हा जुळवावा लागला. पोरीचा हात शेवटपर्यंत स्थिर झाला नाही. आईची दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच. घरून निघायच्या आधी कुणी मोजलं असतं, तर हे टळलं असतं.

आता काटा कोणता घ्यायचा? तीन प्रकार आहेत. पहिला स्प्रिंगचा, आपल्या ताणकाट्यासारखा. तो स्वस्त असतो, पण स्प्रिंग वापरून सैल होते. दुसरा सेलवर चालणारा डिजिटल. तो वाचायला सोपा, पण महाग. तिसरा म्हणजे नुसतं ठरावीक वजन आणि त्याला आकडा. स्पर्धेत निकाल या तिसऱ्यावरच लागतो, स्प्रिंगच्या काट्यावर नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, काट्याची मर्यादा. दहा किलोच्या भाजीच्या काट्यावर ५०० आणि ४८० यांतला फरक दिसणारच नाही. दोन किलोपर्यंतचा आणि दहा-दहा ग्रॅमच्या खुणा असलेला घ्या. दोन, खुणा ग्रॅममध्येच हव्यात. बाहेरून आलेल्या काट्यांवर पौंड असतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. "एक पौंड भरलं, झालं" असं समजून गेलात, तर शेहेचाळीस ग्रॅम कमी पडले!

मोजायची रीतही सांगतो. हे काम रेंजवर, प्रशिक्षकांसमोरच करायचं, घरी नाही. आधी पिस्तुलात छर्रा नाही याची खात्री करा आणि नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. आकडा चापाच्या मधोमध लावा. तो टोकाकडं सरकला, तर काटा कमी वजन दाखवतो. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून जातं हलकं फिरतं, तसंच हे. ओढ नळीच्या रेषेत सरळ मागं, आणि सावकाश. हिसका दिला की आकडा खोटा येतो. पाच वेळा मोजा, पाचही आकडे वहीत लिहा. सरासरीवर समाधान मानू नका, सगळ्यांत कमी आकडा बघा. तोही पाचशेच्या दहा-वीस ग्रॅम वर असावा.

ज्यांना काटा परवडत नाही, त्यांच्यासाठी एक उपाय आहे. आकड्यासकट बरोबर ५०० ग्रॅम भरेल असं वजन करून घ्या आणि ते ओळखीच्या सराफाकडं जोखून आणा. त्याच्या काट्यावर ग्रॅमचा अंशही दिसतो. आकड्याचं वजन धरायला मात्र विसरू नका. आपला स्प्रिंगचा काटाही महिन्यातून एकदा याच वजनावर तपासा.

शेवटी आमच्या गटानं काय केलं? एकीला कर्ज देण्याऐवजी सामाईक निधीतून एक स्प्रिंगचा काटा आणि एक जोखलेलं वजन घेतलं. दोन्ही क्लबमध्ये ठेवलीत, सोबत एक वही. कुणी मोजलं, कधी, किती भरलं, हे मुलीच लिहितात. काट्याला आधी नको म्हणणाऱ्या काकूच आता महिन्याला ती वही तपासतात.

दूध संघात फॅट किती लागली आणि रेशनच्या दुकानात काटा शून्यावर आहे का, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. मग आपल्या पोरींच्या मेहनतीचं माप दुसऱ्याच्या अंदाजावर का सोडायचं? तुमच्या गावात अशा मुली असतील, तर पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.