संगणक चालू ठेवावा की बंद करावा?

आमच्या घरी संगणक आला. रात्री तो बंद करावा की नाही, यावर वाद झाला. थोरला म्हणे, "सारखा चालू-बंद केला तर बिघडेल." आम्हालाही ते पटले.

मग एकदा हिशेब मांडला. आमचा संगणक पडद्यासह सुमारे 100 वॅट वीज घेतो. रात्रीच्या 10 तासांत 1 युनिट होते. महिन्याचे झाले 30 युनिट! एका युनिटात 10 वॅटचा दिवा 100 तास जळतो. मग कोणी वापरत नसताना एवढी वीज का घालवायची?

त्याच रात्री आम्ही उठलो आणि थेट भिंतीवरचे बटण बंद केले. मुलीने बचत गटाचा हिशेब लिहिला होता. तो साठवलेला नव्हता, सगळा गेला. बिचारी रडली. चूक आमची होती.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. आधी काम साठवा. मग पडद्यावरची बंद करण्याची खूण दाबा. पडदा काळा झाला, आतल्या पंख्याचा आवाज थांबला, की मगच भिंतीवरचे बटण बंद करा. रोज असे बंद केल्याने संगणक बिघडत नाही, बरे का! पावसाळी आभाळ दाटून आले, तर विजा सुरू होण्याआधीच प्लग काढून ठेवा.

काम झाले की आपण विळा पुसून जागेवर ठेवतो. संगणकाचेही तसेच आहे.