वेढ्यातले खरेदीखत

बंगळूरच्या ज्या भागात मी राहतो त्याचे नाव इंदिरानगर. गेल्या शतकाच्या आठव्या दशकाअखेर वसलेली ही वसाहत आज दुकानांनी आणि उपाहारगृहांनी गजबजून गेली आहे. परंतु तिच्या पायाशी युद्धाची आठवण आहे. एका अंगाला विमानांचा तो प्रसिद्ध कारखाना. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४० च्या डिसेंबरात, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी त्याची स्थापना केली. दुसऱ्या अंगाला, उलसूर तळ्याच्या काठी, मद्रास सॅपर्सची छावणी. आणि मध्ये, आमच्या वसाहतीतच, निवृत्त सेनाधिकाऱ्यांची ‘डिफेन्स कॉलनी’. सकाळी फिरायला निघालो की ज्यांना नमस्कार करावयाचा, त्यांतील कित्येकांनी तोफांचा आवाज जवळून ऐकलेला असतो.

अशा शेजारात राहून शांततेविषयी बोलणे सोपे नाही. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या सीमेवर चार दिवस धुमश्चक्री चालली होती. त्या आठवड्यातील शुक्रवारी, ९ मे रोजी, आमच्या चर्चमध्ये शांततेसाठी प्रार्थना झाली. परत येताना फाटकाशी आमचे शेजारी भेटले. ते निवृत्त कर्नल, मूळचे साताऱ्याचे. १९७१ च्या लढाईत त्यांनी जिवाभावाचे सोबती गमावले आहेत. ते म्हणाले, “मास्तर, प्रार्थना केलीत, उत्तम केलेत. पण तिकडे तोफा चालू आहेत, आणि तुम्ही इकडे आशा बाळगून बसलात. ही आशा कशाच्या भरवशावर?”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर एवढेच आठवले की ९ मे ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुण्यतिथी. श्रोतेहो, आज मी जे बोलणार आहे ते त्या फाटकापाशी राहून गेलेले उत्तर आहे.

आरंभीच एक भेद केला पाहिजे. आशा आणि अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्ध लवकर संपेल, दोन्ही बाजूंना शहाणपण सुचेल, असे म्हणणे हा अंदाज झाला. आणि युद्धाच्या बाबतीत असले अंदाज बहुधा खोटे ठरतात. १९१४ च्या उन्हाळ्यात युरोपातील पुष्कळ लोकांना वाटत होते की नाताळापर्यंत आपले सैनिक घरी येतील. त्यानंतर चार नाताळ युद्धातच गेले. ख्रिस्ती धर्मात जिला आशा म्हटले आहे ती अशा अंदाजावर उभी नाही. ती कशी असते याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याचे आहे.

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. नगर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत होता, आणि त्या अपराधाबद्दल राजाने त्याला पहाऱ्याच्या चौकात अडकवून ठेवले होते. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ आला आणि म्हणाला, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. ते शेत शत्रूच्या सैन्याने व्यापलेल्या मुलखात होते. व्यवहार जाणणारा कोणीही मनुष्य हसला असता. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बोलावले, खरेदीखत लिहिले, त्यावर मोहर केली आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवविले. या भूमीत पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे यांचे व्यवहार होतील, हा त्याचा विश्वास होता. पुढे नगर पडले. त्या शेतातील पीक यिर्मयाच्या हाती आल्याचे ग्रंथात कोठेही लिहिलेले नाही. ज्या लोकांना सातबाराच्या उताऱ्याचे मोल ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचा अर्थ फोडून सांगावयास नको. वेढा चालू असतानाच, वेढा उठल्यानंतरच्या दिवसांसाठी केलेला पक्का व्यवहार, ही ख्रिस्ती आशा होय.

असाच एक व्यवहार आपल्या महाराष्ट्रात झाला. १८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यातील एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराचे पुस्तक दिले. ते वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले, आणि मग त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. त्याच प्रवचनात वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. त्याच प्रवचनात समेट घडविणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मूळ ग्रीक नव्या करारात ‘शांती करणारे’ हा शब्द फक्त या एकाच ठिकाणी येतो. त्याचा अर्थ शांतताप्रिय असा नाही. शांतता कोणाला प्रिय नसते? तो शब्द करणाऱ्याचा आहे, घडविणाऱ्याचा आहे. कुंभाराने मडके घडवावे तसा.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. त्याच नगरात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, १९१४ साली सरकारने एक मोठी छावणी उघडली. हिंदुस्थानात असलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना तेथे तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. त्यांत व्यापारी होते, कारागीर होते आणि जर्मन मिशनरीही होते. कालपर्यंत जे शाळेत शिकवीत होते, दवाखाना चालवीत होते, ते एका फर्मानासरशी ‘शत्रू’ झाले. एकाच गावात, कुंपणाच्या आत आणि बाहेर, एकाच प्रभूचे नाव घेणारी माणसे होती. आणि युरोपात दोन्ही बाजूंची चर्चे आपापल्या सैन्यासाठी त्याच देवाकडे विजय मागत होती. ख्रिस्ती माणसाने ही गोष्ट लपवू नये. वधस्तंभावर ज्याने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्या नावाने तोफांना आशीर्वाद दिले गेले, ही आमच्या इतिहासातील लाज आहे.

१ ऑगस्ट १९१७ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना समेटाचे आवाहन केले. ते कोणी मानले नाही. त्याच वर्षी टिळकांनी अमेरिकन मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्वांनी ख्रिस्ताच्या पायांशी बंधुत्वाने एकत्र यावे, ही त्यामागील कल्पना. महायुद्ध थांबविण्याचा तो उपाय होता, असा दावा मी करणार नाही. परंतु जगात भिंती उभारण्याचे काम जोरात चालले असता एका मनुष्याने आपल्या अंगणातील भिंत पाडावयास घेतली, एवढे खरे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. दरबाराचे पीक त्यांना पाहावयास मिळाले नाही. खरेदीखत मात्र झाले होते.

कुंपणाआडच्या त्या जर्मन मिशनऱ्यांचे पुढे काय झाले? १९१५–१६ मध्ये ‘गोलकोंडा’ नावाच्या जहाजातून अनेकांची मायदेशी रवानगी झाली. मागे त्यांच्या शाळा, चर्चे आणि जमिनी बेवारस राहिल्या. जेत्यांनी त्या युद्धातील लूट म्हणून घेतल्या असत्या तर कोणालाही नवल वाटले नसते. परंतु तमिळ मुलखातील लाइपझिग मिशनचे काम स्वीडनच्या चर्चने सांभाळले, आणि छोटा नागपुरातील गॉस्नर मिशनच्या शाळांकडे रांचीचे अँग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट यांनी लक्ष दिले. इंग्रज बिशपने जर्मनांचे घर राखावे, आणि तेही युद्ध चालू असता! लंडनमध्ये जे. एच. ओल्डम नावाचे गृहस्थ या मालमत्तांसाठी मुत्सद्द्यांचे दरवाजे ठोठावीत होते. यांचा जन्म १८७४ साली आपल्या मुंबईतला. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. तो तह जर्मनीला किती जाचक होता हे सर्वविदित आहे. परंतु त्यातील ४३८ व्या कलमान्वये जर्मन मिशनांची मालमत्ता त्याच पंथाच्या विश्वस्तांकडे सोपविण्याची तरतूद झाली. सुडाने भरलेल्या त्या दस्तऐवजात एवढी एक जागा सुडापासून राखली गेली. पाठोपाठ, १० जुलै १९१९ रोजी, छोटा नागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती मंडळीने आपले चर्च स्वायत्त झाल्याचे जाहीर केले. पोरकी झालेली मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली.

येथे कर्नलसाहेब मला निश्चित अडवतील. ते म्हणतील, “हे मिशनांचे आपापसातले झाले. जेथे प्रत्यक्ष गोळ्या सुटतात तेथले सांगा.” त्यांना मी नागालँडकडे नेईन. १९५० नंतरच्या दशकापासून त्या डोंगरांत भारतीय सैन्य आणि नागा बंडखोर यांच्यात लढाई चालली होती. गावे जळत होती. दोन्हीकडच्या आया रडत होत्या. १९६४ च्या आरंभी वोखा येथे नागा बॅप्टिस्ट मंडळ्यांचे अधिवेशन भरले. त्यांनी कोणा एका बाजूच्या विजयासाठी ठराव केला नाही. शांतता मंडळ नेमावे असा ठराव केला. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि इंग्रज धर्मोपदेशक मायकेल स्कॉट हे तिघे त्या मंडळात आले. एक सर्वोदयी, एक राज्यकर्ता, एक पाद्री. ६ सप्टेंबर १९६४ रोजी शस्त्रसंधी अमलात आली. तो रविवार होता. पुढे डॉ. एम. आराम यांच्यासारखे गांधीमार्गी कार्यकर्ते कोहिमात वर्षानुवर्षे राहून त्या संधीची राखण करीत राहिले.

ही कथा सुखान्त नाही. १९६६ साली जयप्रकाशांनी मंडळ सोडले. स्कॉट यांना देशाबाहेर जावे लागले. ज्यांच्या नावाने आमची वसाहत ओळखली जाते त्या इंदिरा गांधींनी १९६६–६७ मध्ये नागा नेत्यांशी बोलण्यांच्या सहा फेऱ्या केल्या. त्यांतून तोडगा निघाला नाही. १९७२ साली शस्त्रसंधीही संपुष्टात आली. परंतु मधली आठ वर्षे, तुटक तुटक का होईना, माणसे शेतावर गेली, मुले शाळेत गेली. त्या वर्षांत जे जगले त्यांच्या लेखी ती आठ वर्षे म्हणजे अपयश नव्हे.

काही दिवसांनी हे सारे मी कर्नलसाहेबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मास्तर, तुमच्या यादीत एक शिपाई घाला.” आणि त्यांनी कोल्हापूरच्या जनरल एस. पी. पी. थोरातांची गोष्ट सांगितली. १९५३ साली कोरियात युद्धविराम झाला. मायदेशी जाण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची राखण करण्याचे काम भारतीय सेनेकडे आले. थोरात त्या दलाचे प्रमुख होते. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले. थोरात स्वतः त्या कुंपणात गेले, कैद्यांशी बोलले, आणि गोळी न झाडता आपला अधिकारी सोडवून आणला. कर्नलसाहेब म्हणाले, “शस्त्र हाती असून ते न चालवण्याला जी हिंमत लागते, ती आम्हालाही शिकवतात बरं का.” त्या दिवशी माझी एक चूक दुरुस्त झाली. समेट घडविणारे फक्त देवळात असतात असे मी नकळत धरून चाललो होतो.

ख्रिस्ती मनुष्याची आशा अखेर पुनरुत्थानावर उभी आहे. उत्तम शुक्रवारी सारे संपले असे वाटले, आणि रविवारी कबर रिकामी आढळली, ही आमची श्रद्धा. ती प्रत्येक श्रोत्याची असावी असा माझा आग्रह नाही. पण ज्या जिल्ह्यात टिळकांनी काम केले, त्याच जिल्ह्यातील नेवाशास सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्ञानदेवांनी पसायदान मागितले. त्यात त्यांनी दुर्जनांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातील दुष्टपणा सरावा असे मागितले. वैऱ्यातला माणूस वाचावा, ही तळमळ कोणा एका धर्माची मिरास नव्हे.

२०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, २०२३ साली गाझात पेटले. त्यांच्या बातम्या पाहता पाहता मन बधिर होते, आणि आपण काय करणार असे वाटू लागते. तोफा थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु हातातल्या फोनवर शत्रूविषयीची एक खोटी, विखारी बातमी आली असता ती पुढे न धाडणे आपल्या हाती आहे. पलीकडच्या मुलखातही पिठाच्या गिरण्या आहेत, परीक्षेला बसणारी मुले आहेत, दाराशी वाट पाहणाऱ्या आया आहेत, हे घरातल्या मुलांना सांगणे आपल्या हाती आहे. आणि भाऊबंदकीत वर्षानुवर्षे बंद पडलेला एखादा दरवाजा आपण होऊन ठोठावणे, हे तर निश्चितच आपल्या हाती आहे.

कर्नलसाहेबांनी विचारले होते, ही आशा कशाच्या भरवशावर? मला एवढेच म्हणता येते की आशेला अगोदर भरवसा मिळत नाही. चांदी तोलून द्यावी लागते, साक्षीदार बोलवावे लागतात, खतावर मोहर करावी लागते. आणि हे सर्व वेढा उठण्यापूर्वी. शेत कोणाच्या हयातीत पिकेल हे खरेदीखतात लिहिलेले नसते.